तपकिरीसर गुलाबी

४ नोव्हेंबर, सोमवार
पुन्हा तेच! गुआल्तिएरोने कर्णफुलांसाठी गुलाबी हिऱ्यांची जोडी आणली आणि पुडी माझ्यासमोर उघडली. सोबत प्रयोगशाळेचा कागद — दोन्ही खडे 'फॅन्सी इंटेन्स पिंक', म्हणजे गडद, निखळ गुलाबी. मी भिंग लावलं. कसलं पिंक! तपकिरी झाक धडधडीत दिसते. तपकिरीसर गुलाबी म्हणायचं याला. त्या एका शब्दापायी किंमत निम्म्यावर येते, म्हणून तर तो गाळतात.

"कागदावर तिघांच्या सह्या आहेत, डेल्फिना," म्हणाला. मालक असला म्हणून काय झालं? याच्या बापाने माझ्या शब्दाशिवाय एक खडा घेतला नाही. जोडी परत पाठवायला लावली. या वर्षातली अकरावी. बाजार सगळा लबाड झालाय.

६ नोव्हेंबर, बुधवार
धुकं. खिडकीत उजेडच नाही, रंग बघता येईना. दिवसभर चडफडले.

७ नोव्हेंबर, गुरुवार
गुआल्तिएरोने जोडी परत पाठवलीच नव्हती! म्हणे रोमच्या एका गिऱ्हाईक बाईला नाताळात हीच कर्णफुलं हवीत. एका रंगाचे दोन खडे मिळायला कधी कधी वर्ष जातं, हे तो मला शिकवतो!

मिरेल्ला शेजारच्या टेबलावर खडे जडवते. बावीस वर्षं झाली. ती हळूच म्हणाली, "अगं, एकदा नमुन्याच्या खड्यांशेजारी ठेवून बघ ना. मग तुझं तूच ठरव."

रंग ताडून बघायचे ते नमुन्याचे खडे नवशिक्यांसाठी असतात. मी किती वर्षांत ते तिजोरीतून काढले नाहीत. रंग माझ्या डोक्यात आहेत — तसंच सांगितलं तिला. वर हेही सुनावलं की तू ओठ रंगवून बसतेस, त्याची लाली खड्यात उतरते. तिने रुमालाने ओठ पुसले. खडे तपकिरी ते तपकिरीच.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
ऊन पडलं. म्हटलं, एकदाची सगळ्यांची तोंडं बंद करू. पांढऱ्या कागदाच्या घडीत नमुन्याचा 'इंटेन्स' ठेवला, शेजारी ती जोडी.

नमुनाही तपकिरी!

हा खडा मी स्वतः निवडला होता. तान्ह्या बाळाच्या हिरड्यांसारखा रंग होता त्याचा. कोणीतरी बदलला. माझ्याखेरीज तिजोरीची किल्ली दोघांकडेच — गुआल्तिएरो आणि मिरेल्ला. मालक स्वतःच्या घरात चोरी कशाला करेल?

कॉफीच्या वेळी मिरेल्लाला विचारलं, खरा खडा कुठे ठेवलास — कारखान्यातल्या नऊच्या नऊ माणसांसमोर. गुआल्तिएरोने खडा तोलला, वजन जुन्या नोंदीशी जुळलं. मी म्हटलं, त्याच वजनाचा दुसरा आणून ठेवणं अवघड आहे होय?

"बावीस वर्षं तू म्हणशील तो रंग मानला मी," मिरेल्ला एवढंच म्हणाली. तिने एप्रनची घडी घातली, टेबलावर ठेवली आणि गेली.

१३ नोव्हेंबर, बुधवार
आली नाही. मनात काही नसेल तर माणूस घरी बसेल का?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
तिच्या नवऱ्याचा फोन. "सिन्योरा, गावभर बोभाटा झालाय. सोनारांच्या या वालेन्झात हिच्या हातात आता हिरा कोण देणार? दुसरं काय येतं तिला?" मी फोन आपटला. त्याचाही राग आला, तिचाही. चोरी हिने करायची आणि जाब मी द्यायचा! ताटातलं तसंच टाकून उठले.

१६ नोव्हेंबर, शनिवार
डाव्या डोळ्यात पापणीचा केस गेला. चोळून चोळून पाणी यायला लागलं. जन्मभर मी भिंग डाव्याच डोळ्याला लावत आले. आज उजव्याला लावलं.

जोडी गुलाबी. नमुना गुलाबी.

केस निघाल्यावर पुन्हा डाव्याला लावलं — तपकिरी. भिंग ठेवून दिलं आणि नुसता पांढरा कागद समोर धरला. उजवा डोळा मिटला, मग डावा. डाव्याला तो कागदसुद्धा चहा सांडल्यासारखा दिसतो.

उद्या रविवार. मिरेल्लाकडे कारखान्यातले सगळे दर रविवारसारखे जेवायला जमलेले असतील. जमलेले असतानाच जायला हवं. आळ मी सगळ्यांसमोरच घेतला होता.