एकोणीस तारखेचा पाऊस

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, गुडघा अजून वाकत नाही). तुझी शुगर, वहिनीची पाठ आणि तुमची खडखडणारी गाडी, सगळं बरं असावं. बाबा चौऱ्याऐंशीतही ठणठणीत आहेत. म्हणजे कालपर्यंत होते.

बाबांचं व्हायोलिन पावसात भिजून त्याचे सांधे सुटले, त्याला एकतीस वर्षं झाली. खिडकी उघडी टाकून मीच टायपिंगच्या क्लासला गेले, हे तुम्ही सगळ्यांनी त्याच संध्याकाळी ठरवून टाकलंत. गेल्या महिन्यात माझ्या नव्या सूनबाईसमोरही बाबांनी तोच पाढा वाचला, तेव्हा म्हटलं, आता बास! त्या दिवशी पाऊस किती वाजता आला, हे कुणीतरी लिहून ठेवलंच असेल ना?

आधी नेटवर शोधलं. आपल्या गावाचे शंभर वर्षांचे आकडे तिथे फुकट मिळतात रे! हौसेने एकोणीस तारीख काढली, तर तापमान उणे नऊशे नव्याण्णव. (तुझा भाचा म्हणाला, "आई, याचा अर्थ त्या दिवसाची नोंद नाही." तोवर मी शेजारणीला सांगून बसले होते की गाव गोठलं होतं.)

मग थेट वेधशाळा गाठली. तिथे जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या बाई कपाळावर चष्मा ठेवून चष्माच शोधत होत्या, त्यामुळे मला एकदम घरच्यासारखं वाटलं. रजिस्टर निघालं. एकोणीस तारीख, पाऊस शून्य! मी टाळीच वाजवली. बाई म्हणाल्या, "थांबा हो. आम्ही सकाळी साडेआठला मोजतो, आधीच्या चोवीस तासांचा. एकोणीसच्या दुपारचा पाऊस वीस तारखेला सापडायचा." पान उलटलं. बासष्ट मिलिमीटर. माझं तोंड एवढंसं झालं. बाईंना दया आली असावी. त्यांनी वरच्या फळीवरून एक लांबट कागद काढला. पाऊस पडेल तशी यंत्राची लेखणी त्यावर वर चढत जाते, खाली वेळ छापलेली. ती लेखणी पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत आडवी झोपलेली, आणि मग जी उठली ती उभीच!

आता बघ. मी तीनला बाहेर पडले. तू मॅच हरून साडेचारला घरी आलास, चहा ढोसलास आणि पुन्हा उंडारायला गेलास. खिडकी तेव्हा उघडी असेल, तर तू लावली नाहीस. बंद असेल, तर तूच उघडलीस. कसंही धर, चोर तूच! कागदाची प्रत सोबत जोडली आहे.

वहिनीला नमस्कार.

तुझी (निर्दोष) बहीण

ता.क. बाई निघताना म्हणाल्या, "वेधशाळा गावापासून पाच कोसांवर आहे, तिथली वेळ तुमच्या घराला लागू पडेलच असं नाही." हे कुणाला सांगू नकोस.

ता.क. २. काल कागद बाबांना दाखवला. त्यांनी लेखणीच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पाचच्या सुमारास मी छत्री न्यायला आलो होतो. आभाळ बघायला खिडकी उघडली, आणि छत्रीही विसरलो नि खिडकीही." तेव्हापासून धड जेवले नाहीत, माझ्याकडे बघत नाहीत. मला ते बघवत नाही रे. रविवारी ये आणि सांग, की बाबा छत्री विसरून परत गेल्यावर तू पुन्हा घरी आला होतास, तेव्हा खिडकी त्यांनी लावलेलीच होती, ती तूच उघडलीस. मी एकतीस वर्षं ओढलं, आता थोडं तू ओढ.