विहिणीचा मान आणि स्वस्तातली रायफल

९ सप्टेंबर २००७, रविवार. ईडन प्रेरी.
एप्रिलनंतर थेट आज लिहितेय. माफ कर गं वही. मधे सईचं लग्न ठरलं, त्यात उन्हाळा कुठे गेला कळलं नाही.
आज एरिकचे आईवडील जेवायला. रॉन मितभाषी, पुरणपोळी टॅकोसारखी दुमडून खाल्ली. शॅरन, म्हणजे आमची होणारी विहीण, निघताना अंगणात मला बाजूला घेऊन म्हणाली, "नोव्हेंबरमध्ये आमच्या डियर कॅम्पला ये, हरणांच्या शिकारीला. माझ्याबरोबर मचाणावर बसायचं. नुसतं बघायला नाही, तुझी रायफल घेऊन. मचाणावर चार तास गप्प बसलं की माणूस कळतो. नातवंडं वाटून घ्यायच्या आधी तू मला कळायला हवीस."
मी "व्हाय नॉट" म्हणाले. का म्हणाले?
सई भांडी पुसताना : "आई, यू डोन्ट हॅव टू. रिअली." मग बराच वेळ तेच ताट पुसत राहिली. "पण तिने आजपर्यंत कोणालाच बोलावलेलं नाहीये. नॉट ईव्हन एरिकच्या काकूला."
मुलाच्या आईचा मान ठेवायचा म्हणजे साडी, चांदीचं ताट, पाय धुणं, इथवर माझी तयारी होती.

११ सप्टें.
मुद्दा नीट मांडून बघू. मी मटण खाते. माहेरी दर रविवारी होतं, इथेही आणते. मग मारणं दुसऱ्याने आणि रस्सा मी, हे कुठल्या तत्त्वात बसतं? नाही म्हणायचं असेल तर मटणही सोडावं लागेल. मटण सोडणार नाही. म्हणजे जायला हवं.
हा युक्तिवाद बरोबर वाटतो, म्हणूनच संशय येतो.

१३ सप्टें.
नवऱ्याने, म्हणजे सुधीरने, रायफलींची एक्सेल शीट केली. जन्मात अंडं न खाल्लेला माणूस, पण वजन, नळीची लांबी, खांद्याला बसणारा धक्का, गोळीचा वेग, सगळे कॉलम. बोल्ट-ॲक्शनच घ्यायची यावर आमचं एकमत : एकेक गोळी हाताने भरायची, हिशेब आपल्या ताब्यात. कॅलिबरवरून, म्हणजे गोळीच्या मापावरून, मात्र जुंपली. शॅरनचं म्हणणं २४३ घे, धक्का कमी, हरणाला पुरे. सुधीर म्हणतो थर्टी-ऑट-सिक्स.
"अरे, मला हरीण मारायचंय, रणगाडा नाही."
"अगं, त्याच किमतीत मोठी मिळतेय ना! उद्या लागली तर?"
"उद्या काय लागणार? हत्ती?"
याने सईचे सगळे फ्रॉक असेच वाढत्या अंगाचे आणले होते. अंग वाढेपर्यंत फ्रॉक विटायचे.

२२ सप्टें., शनिवार
दीड दिवसाचा गणपती पोचवून आठवडा झाला, तेव्हा आज दुकानात. गणपती घरात असताना बंदुका बघणं बरं वाटेना. तो शस्त्रधारी आहे हे सुधीरने लक्षात आणून दिलं.
विक्रेत्याने आधी सुधीरलाच सगळं सांगितलं. मग "मॅडमसाठी" म्हणून गुलाबी दांड्याची काढली. मी विचारलं, गुलाबीने नेम सुधारतो का? त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "नो मॅम."
सर्वांत स्वस्त बोल्ट-ॲक्शन : काळा प्लास्टिकचा दांडा, दुर्बीण आधीच बसवलेली, बोल्ट जरा खरखरतो. मला आवडली. गरीब दिसते पण खोटं बोलत नाही. कदाचित एकदाच वापरायची वस्तू, तिच्यावर उधळायचं कशाला?
घेतली नाही. अजून तीन मॉडेल्सचे रिव्ह्यू वाचायचेत.

३० सप्टें.
आता पितृपक्ष. सासूबाई फोनवर : "या दिवसांत नवी वस्तू घेऊ नका हो." काय घेतोय ते सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय फ्रिज.
सुधीर आज शांतपणे म्हणाला, "नीलिमा, तू रायफल निवडत नाहीयेस. न जायला कारण निवडतेयस."
पाणी उकळत ठेवून बाहेर आले. ऑफिसात मी दुसऱ्यांचे टेस्ट रिपोर्ट नापास करते. घरात माझे नापास करणारा बसलाय.

१३ ऑक्टो.
बंदुकीच्या सुरक्षिततेच्या क्लासला गेले. माझ्या वयाला सक्ती नाही, पण न शिकता हातात घेणं मनाला पटेना. बाकी सगळा वर्ग सहावीतला. पहिल्या बाकावर मी. सर्वांत जास्त शंका माझ्या. मास्तरांनी शेवटी सांगितलं, इतरांनाही विचारू द्या.

२० ऑक्टो., खंडेनवमी
सुधीरच्या ऑफिसातल्या एकाची थर्टी-ऑट-सिक्स घेऊन नेमबाजीच्या रेंजवर. "एकदा मारून तर बघ!" मारून बघितली. दांडा खांद्यात घट्ट धरायचा, हे पाठ होतं. ऐन वेळी अंग चोरलं. खांदा पेटला. गोळी कुठे गेली ते रेंजवाल्यालाही सांगता येईना.
सुधीरने घरी आल्यावर शीटमधला धक्क्याचा कॉलम मुकाट्याने ठळक केला.

२१ ऑक्टो., दसरा
मंडळाचा कार्यक्रम. साडी, आखूड बाह्यांचा ब्लाउज. खांद्यावर ताटलीएवढा काळानिळा डाग, पदर घसरला. वंदनाताईंनी मला कोट टांगायच्या खोलीत ओढलं आणि दार लावलं.
"घरी सगळं ठीक आहे ना गं?"
"हो, ठीक आहे. का?"
"मला सांग. मी कोणाला बोलणार नाही."
तेव्हा कुठे उजेड पडला. "अहो ताई, रायफलचा धक्का आहे तो!"
त्यांचा चेहरा आणखी पांढरा झाला. "घरात बंदूकही आहे?"
"नाही, अजून नाही. आज घेणार आहोत. मुहूर्त चांगला आहे."
पुढे काय काय बोलले आठवत नाही, पण प्रत्येक वाक्याने प्रकरण चिघळत गेलं. बाहेर सुधीर सगळ्यांना जिलबी वाढत होता आणि बायका त्याच्या हातची घेत नव्हत्या. त्याला वाटलं डाएट.
संध्याकाळी रायफल घेतली. तीच काळी, स्वस्तातली. २४३. घरी आणून हळदकुंकू वाहिलं, आपट्याचं पान नव्हतं, मेपलचं ठेवलं. सई म्हणाली, "धिस इज सो वीअर्ड, आई," आणि फोटो काढून शॅरनला पाठवला. शॅरनचं उत्तर : आमच्या सगळ्या रायफलींनाही करशील का?

२८ ऑक्टो.
रेंज. २४३ खांद्यावर नुसती थाप देते. कागदावरच्या गोळ्या मुठीत मावतील एवढ्या जवळजवळ. सुधीर फळ्याजवळ जाऊन बराच वेळ बघत राहिला. "चांगली आहे," म्हणाला. त्याच्या तोंडून हे काढायला दीड महिना लागला.
कागद मारायला मला आवडतं, हे आज कळलं.

९ नोव्हें., शुक्रवार. कॅम्प, ब्रेनर्डच्या उत्तरेला.
लक्ष्मीपूजन दुपारीच उरकलं, देवीला निकड सांगितली, निघाले. सोबत चकल्यांचा डबा.
शॅरनने मिठी मारली आणि हुंगलं. "काय सुंदर वास आहे. काय लावलंयस?"
काल नरकचतुर्दशी. सुगंधी तेल, उटणं, सगळं साग्रसंगीत. तिने आठवड्यापूर्वीच कळवलं होतं, वासाचा साबण नको, हरणाला लांबून कळतं. मी वाचलं होतं. साबण नाहीच लावला! उटणं म्हणजे साबण नव्हे, हे माझ्या इतकं अंगात मुरलंय की मनातही आलं नाही.
आता खायच्या सोड्याने केस धुतलेत. डोकं ढोकळ्याच्या पिठासारखं झालंय. रॉन चकल्या संपवतोय.

१० नोव्हें., शनिवार, पाडवा.
जे झालं तसं लिहिते.
उजाडायच्या आत मचाणावर. भगवं जॅकेट, शेजारी शॅरन. गप्प बसणं अवघड गेलं नाही. थंडीने नाक वाहत होतं, पुसायचीही चोरी. बऱ्याच वेळाने समोर हरीण. लहान शिंगांचा नर. थांबला, पान खुडलं, चावत राहिला. रायफल खांद्याला, नेम बरोबर बसला होता. हात स्थिर होता, हेही खरं. शॅरन कुजबुजली, "तुझ्या सवडीने."
माझी सवड झालीच नाही. चावून झालं, तो निघून गेला.
शॅरनने विचारलं, "काय झालं?"
मी म्हणाले, "ट्रिगर दबेना. अडकला."
असं का म्हणाले? 'नाही मारावंसं वाटलं' एवढंच म्हणायचं होतं. तिने काही केलं नसतं. की केलं असतं?
मग जे सुरू झालं! रॉनने रायफल टेबलावर खोलली, तेल घातलं, दहादा चाप ओढून बघितला. "आता तर चालतेय. स्वस्तातल्या असतात अशा." सुधीरला फोन केला, सईने तोवर शॅरनकडून ऐकून त्याला कळवलंच होतं : "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो!" इतका आनंद त्याला बढतीचाही झाला नव्हता. बिचारी काळी रायफल कोपऱ्यात उभी. सगळ्यांशी भांडून मीच आणली, मीच बदनाम केली.
दया आली म्हणावं, तर आत्ताच गेल्या वर्षीच्या हरणाची चिली, म्हणजे इथला तिखट रस्सा, खाल्ली आणि पुन्हा मागून घेतली. भीती म्हणावी, तर हात कापला नव्हता. काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. खोटं बोलले, एवढं मात्र नक्की.
जेवणानंतर शॅरन आतून जुनी रायफल घेऊन आली. लाकडी दांडा, हाताने झिजलेला. तिच्या वडिलांची. एरिकलाही हात लावू देत नाही, असं रॉन म्हणाला, आणि आजच्या दिवसात तो एवढं एकच मोठं वाक्य बोलला. "उद्या ही घे," शॅरन म्हणाली. "ही कधी अडकत नाही."
मी दोन्ही हातांनी घेतली. थँक यू म्हणाले.
उद्या : मचाणावर चढायच्या आधी शॅरनला खरं सांगणे.