मुद्दाम विसरलेले सहा शब्द

१९ ऑगस्ट, सोमवार

आज परीक्षेत लबाडी केली. त्यात नवं काय! नवं हे, की या वेळी मी मुद्दाम नापास झालो — आणि अख्ख्या टीमला केलं.

शाळेत नापास व्हायला मला कधी कष्ट पडले नाहीत. पण ठरवून, मोजून, कुणाला संशय न येता नापास व्हायचं तर डोकं लागतं!

झालं असं. युनिव्हर्सिटीतून तूलिक्की बाई आल्यात. आईस हॉकीत डोक्याला मार बसला की मेंदूचं काय होतं, किती दिवसांत भरून येतं, यावर त्यांचं संशोधन. हंगामाआधी सगळ्यांची परीक्षा — पंधरा शब्द ऐकायचे, अर्ध्या तासानं म्हणून दाखवायचे. पुढे मार बसला की पुन्हा परीक्षा. मार्क घसरले तर महिनाभर घरी!

माझा पहिला नंबर. पंधराचे पंधरा येत होते. नऊच सांगितले. बाहेर येऊन पोरांना म्हटलं, "आत्ता कमी मिळवा, म्हणजे नंतर घसरायला जागाच नाही. पण फार गाळू नका. सहाच." कुठले सांगायचे, कुठले गाळायचे, सगळे पंधरा पोरांकडून घोकून घेतले.

२० ऑगस्ट

बाई कोचला विचारत होत्या, "बावीसच्या बावीस पोरं 'सौना' हा शब्द विसरतात? फिनलंडमध्ये?"

कोच म्हणाला, "बाई, आमची पोरं अशीच आहेत."

आयला! सौना, वाफेची खोली, इथं घरोघरी. तेवढा एक शब्द ठेवायला हवा होता.

१४ ऑक्टोबर, सोमवार

परवा आमच्या गोलीच्या, म्हणजे गोलकीपर वेइक्कोच्या, हेल्मेटवर खेळायची रबरी चकती फाडकन आदळली. आज त्याची परीक्षा. नऊ! "काही फरक नाही" — खेळायला मोकळा. मला दालचिनीचा बन खाऊ घातला. म्हणाला, "आर्तु, तुझं डोकं म्हणजे सोनं आहे सोनं!" मग म्हणाला, जरा झोपतो. भर दुपारी!

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

वेइक्को हल्ली सोप्या चकत्या सोडतो आणि वर आमच्यावरच खेकसतो. म्हणून त्याच्या शाम्पूत निळा रंग घातला. लाल झाकणाची बाटली. मॅच जिंकेपर्यंत तो डोकं धुवत नाही — गोली लोकांची खुळं! उद्या जिंकलो की मजा.

१७ नोव्हेंबर, रविवार

कालची मॅच मला आठवत नाही. वेइक्कोनं सांगितली. हरलो. त्यांच्या कप्तानानं मला रिंकच्या कडेच्या फळीवर आपटलं. मी उठलो आणि सरळ समोरच्यांच्या बाकावर जाऊन बसलो! पाणी मागितलं, त्यांनी दिलंही. वर त्यांच्या कोचला म्हणे विचारलं, "काका, मला कधी उतरवताय?"

सगळे खो-खो हसले. मीही हसलो. हसलं की डोक्यात घण पडतात.

१९ नोव्हेंबर

उजेड टोचतो. कॉफीचा डबा फ्रीजमध्ये ठेवला, दूध कपाटात. आईनं दोन्ही परत जागेवर ठेवलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

कंटाळून रिंकवर गेलो. पोरांबरोबर सौनात बसलो. मग अंघोळीला वेइक्कोचा शाम्पू उचलला. लाल झाकण.

केस, कान, मान — निळाशार! पोरं जमिनीवर लोळली. "स्वतःवरच प्रयोग! कलाकार आहेस लेका!" मी ओरडलो, "कोण रे तो हरामखोर?"

घरी येऊन ही वही चाळली. हरामखोर मीच. अक्षर माझंच. रंग घातल्याचं काडीचं आठवत नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

माझी परीक्षा. नवे पंधरा शब्द. लबाडी नाही, शप्पथ! डोळे मिटून, मुठी आवळून, जीव तोडून दिली.

नऊ.

तूलिक्की बाई खूश. "ऑगस्टात नऊ, आत्ताही नऊ. डोकं दुखतं का?"

"छे!"

"मग तीस तारखेला खेळ खुशाल."

शेजारच्या गावाशी मॅच आहे. वर्षभर वाट बघतोय. वेइक्कोनं मिठी मारली. "सुटलास रे!"

काही फरक नाही म्हणे. फरक सहा शब्दांचा आहे. तो फक्त मला माहीत आहे.

२६ नोव्हेंबर

बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं — डोकं बरं व्हायच्या आत परत आपटलं तर?

"नोव्हेंबरातलं तळं माहीत आहे ना? तडकलं तरी वरून लगेच गोठतं. दिसतं पहिल्यासारखं. त्याच जागी पाय टाकशील?"

"मी काय वेडा आहे?"

त्या माझ्या निळ्या कानांकडे बघत राहिल्या.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगून टाकलं! "बाई, ऑगस्टचे नऊ खोटे. आत्ताचे नऊ खरे."

त्यांना पटेना. "मॅचला घाबरलास का?"

मग मी ऑगस्टचे शब्द म्हणून दाखवले. पोरांकडून घोकून घेतले होते, जातायत कुठे! करवत, लोणी, पाद्री, मोजा... पंधराचे पंधरा. शेवटी, सौना.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि मागच्या शुक्रवारचे?"

पाचव्यावर अडलो.

"किती जणांनी केलं हे?"

"बावीस."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर डोकं टेकलं. "या गावच्या पोरांच्या स्मरणशक्तीवर मी अख्खा लेख लिहायला घेतला होता रे!"

मी महिनाभर घरी. सोमवारी सगळ्यांची परत परीक्षा. म्हटलं, माझं नाव तेवढं घेऊ नका.

"बरं. कान सुजलाय म्हणून घरी, असं सांगते."

"निळा झालाय म्हणा. ते तर खरंच आहे."

२ डिसेंबर, सोमवार

परवाची मॅच सात-एक. हरलो. आज सगळ्यांची परत परीक्षा झाली, म्हणजे कुणीतरी फुटलं. हरल्यापेक्षा चुगलीचा राग मोठा! चुगलखोर शोधून काढायचं काम पोरांनी माझ्यावर सोपवलंय. टीममध्ये डोकं म्हणे मलाच आहे.

३ डिसेंबर

काल वेइक्कोनंही जीव तोडून परीक्षा दिली. सात आले. ऑक्टोबरातल्या नऊसाठीसुद्धा त्यानं जीव तोडला होता. तेव्हा मला बोलला नव्हता, आज बोलला. तेव्हापासून तसाच गोलात उभा. माझ्या युक्तीच्या भरवशावर.

आता त्यालाही घरी बसवलंय. आज माझ्याकडे आला. दोघं पडदे ओढून बसलो. जाताना म्हणाला, "तो चुगलखोर सापडला की आधी मला सांग. त्याला बन खाऊ घालायचाय."

मी म्हटलं, "शोधतोय."

वहीबाई, हात जोडतो, कुणाला सांगू नकोस. वेइक्कोला तर मुळीच नको, तो बन माझ्या हक्काचा नाही. युक्ती माझी होती, हे त्याला माहीत आहे. तेवढं पुरे.