खिळ्याला टांगलेली साखळी

मी, लेम्पी रौतिओ, दिवंगत आर्वो रौतिओ यांची बायको, राहणार ऑटर क्रीक टाउनशिप, अप्पर मिशिगन, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्याच स्वयंपाकघरात बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. कोणी मला भरीला घातलेलं नाही. घालू पाहणाऱ्याचं नाव पुढे येईलच.

घर, अंगणातला वाफेच्या अंघोळीचा सौना आणि ओढ्यापर्यंतची जमीन माझी मुलगी सिल्विया हिला. तिने घर खुशाल विकावं. डुलुथमध्ये तिचा संसार आहे, माझ्यासाठी तिने इथे बर्फ उपसत बसू नये. मात्र घर तिच्या ताब्यात असेपर्यंत सौनाच्या कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला जे पत्र्याचं ठिगळ आहे, ते काढू नये की रंगवू नये. का, ते खाली लिहिलं आहे.

बँकेत जे असेल त्यातून माझं दफन करावं, साध्या पेटीत, आर्वोच्या डाव्या बाजूला. तो उजव्या कुशीवर झोपायचा. आता तरी त्याने तोंड माझ्याकडे करावं.

माझी पुस्तकं टाउनशिपच्या वाचनालयाला. आमच्या घरात बायबल आणि बियाण्यांची जाहिरातपुस्तिका एवढंच वाचायला होतं. बाकीचं वाचन मी फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून आणून स्वतः शिकले. समासात जिथे जिथे मी पेन्सिलीने लेखकाशी भांडले आहे, ते खोडू नये. अजून माझंच म्हणणं बरोबर आहे.

आर्वोचा लोकरी कोट मागच्या दाराच्या खुंटीवर आहे. तो कोणाला द्यायचा, हे मला ठरवता आलेलं नाही. माझ्यानंतर ज्याला थंडी वाजेल त्याने घ्यावा.

आता स्प्रिंग दाबायचा शिकंजा.

गाडीचा शॉक, म्हणजे धक्के झेलणारा शॉक-ॲब्सॉर्बर, उघडायचा तर त्याच्यावरची स्प्रिंग आधी दाबून धरावी लागते, नाहीतर ती तोफेसारखी सुटते. आर्वोचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं, पण दुकानातला शिकंजा त्याला पसंत नव्हता. हे लाकडाच्या ट्रकसाठी नाही, शिवणाच्या यंत्रासाठी केलंय, म्हणायचा. म्हणून त्याने स्वतः एक केला. बर्फ सारायच्या गाडीच्या मोडीत निघालेल्या पात्यातून दोन जाड पट्ट्या कापल्या, त्यांना स्प्रिंगचा वेढा धरणारे आकडे वेल्डिंगने जोडले, आणि दोन बाजूंना आट्यांच्या दोन जाड सळया घातल्या. नट आळीपाळीने फिरवायचे, जरा इकडचा, जरा तिकडचा. आणि काही झालं तरी स्प्रिंगभोवती साखळी बांधल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. टाउनशिपमधल्या निम्म्या गाड्या त्या शिकंज्यावर उभ्या होत्या.

एका जानेवारीत आर्वोचा धाकटा भाऊ ताउनो याला बर्फावर मासे धरायला जायची घाई होती आणि त्याच्या गाडीचा शॉक गेला होता. आर्वो बाहेरगावी. गॅरेजमध्ये लोखंडाला हात चिकटावा अशी थंडी. शनिवार असल्याने सौना मी पेटवून ठेवला होता. ताउनोने शिकंजा आणि शॉक उचलून सौनाच्या कपडे बदलायच्या उबदार खोलीत नेले. असं इथल्याच माणसाला सुचतं. गारठलेल्या लोखंडावर ऊब बसली, आकड्यांवर पाणी सुटलं, आणि स्प्रिंग आकड्यातून निसटली. त्याचा जबडा मोडून ती भिंतीतून आरपार गेली. पहिली पोचले ती मी. आकड्यांवरून पाणी ठिबकत होतं. पट्ट्या शाबूत, जोड शाबूत. साखळी गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली, कोरडी.

जबडा जुळल्यावर ताउनोने चर्चच्या सभागृहात, कॉफीच्या टेबलाशी सांगितलं की आर्वोचं वेल्डिंग सुटलं. लोकांनी मान हलवली आणि गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. मी बोलायला उठले, तर आर्वोने माझी बाही धरली. “त्याचं तोंड आधीच मोडलंय, लेम्पी. मी आहे तोवर गप्प राहा.” गॅरेज बंद झालं आणि तो शाळेची बस चालवू लागला. वेल्डिंग सुटलेला माणूस, हे नाव घेऊनच तो गेला.

मी दिलेला शब्द त्याच्या हयातीपुरता होता. तो पाळला.

आर्वोला पुरून आल्यावर ताउनो माझ्या दारात उभा राहिला. “वहिनी, ती वस्तू मी गॅसकटरने कापून टाकतो. उद्या कोणाचा जीव जाईल.”

मी म्हटलं, “आधी बूट काढ, लादी पुसलीय. आणि आकडे ओले होते, ताउनो.”

“कसलं ओलं? तुम्हा बायकांना काय कळतंय त्यातलं?”

“तू रक्त पुसत होतास. पाणी मी पुसलं.”

तो कॉफी न पिता गेला. दरवर्षी नाताळाला मात्र निरोप येतो की वहिनी गेली की पहिलं काम शिकंज्याचं. पण त्या दिवशी मागे त्याची मुलगी मार्लिस उभी होती, तिने सगळं ऐकलं. पुढच्या आठवड्यात आपल्या गाडीचा शॉक खांद्यावर घेऊन ती आली आणि एवढंच विचारलं, “काकू, साखळी कुठून घ्यायची?” तेव्हापासून तोच शिकंजा, तेच वेल्डिंग, आणि ती ट्रकांच्या स्प्रिंगा दाबते आहे.

म्हणून: शिकंजा मार्लिसचा. तो तिला मी जिवंतपणीच दिला आहे, त्यामुळे गॅसकटर घेऊन येणाऱ्याने इंधन वाया घालवू नये.

माझ्या दफनानंतर हे मृत्युपत्र चर्चच्या त्याच सभागृहात, त्याच टेबलाशी मोठ्याने वाचावं. सोबत कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव द्यावा. वाचन संपण्याआधी उठेल त्याला पाव देऊ नये.

या कलमाची प्रत मी मार्लिसच्या हाती तिच्या बापाकडे पाठवत आहे. त्याने माझ्या हयातीत त्या टेबलाशी उभं राहून, आकडे ओले होते आणि साखळी बांधली नव्हती, असं सांगितलं, तर वाचन रद्द समजावं. वरच्या हकिगतीतलं त्याचं नाव मी स्वतः खोडीन. शनिवारी सौना तापलेला असतो. त्याला वाट माहीत आहे.

मार्लिसने स्वतःसाठी नवी साखळी आणली आहे. जुनी अजून गॅरेजमध्ये त्याच खिळ्याला आहे. ताउनो बोलला तरी आणि न बोलला तरी, ती त्याची. खिळ्यासकट.

सही: लेम्पी रौतिओ

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून पावाखेरीज काही मिळायचं नाही:
ॲल्विन पाकेट, बर्फ सारायच्या गाडीचा चालक
दोरोथी सालमी, वाचनालय

ऑटर क्रीक टाउनशिप, १२ फेब्रुवारी २०११