सहा रिमोटांचा घरधनी

२ नोव्हेंबर, रविवार

शोकेस पूर्ण. भाई सुतार शेवटचा स्क्रू पिळून गेला. हॉलची अख्खी भिंत भरली. मध्ये टीव्ही, दोन अंगांना उभे स्पीकर, खालच्या खणांत अ‍ॅम्प्लिफायर, सीडी प्लेयर, डीव्हीडी प्लेयर, डिशचा बॉक्स, इंटरनेटचा बॉक्स. डोंबिवलीच्या खोलीत हे सगळं एकावर एक रचलेलं असायचं. आज पहिल्यांदा ऐसपैस बसलं.

मागे माणूस आडवा होऊन सरकेल एवढी जागा मुद्दाम सोडली आहे. वायरिंगसाठी. बाजूने छोटं दार. संजनाने त्याला बाहेरून कडी बसवून घेतली, मांजर आत जाऊन बसेल म्हणून. एवढ्या सिस्टिमकडे बघून बाईला मांजर सुचलं.

नोकरी सोडून गावी आचऱ्याला आलो ते वडिलांसाठी, आबांसाठी. आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. इंजिनाच्या आवाजाने कान गेले. आता म्हातारपणी त्यांना नीट ऐकू यावं, एवढीच माझी इच्छा.

पहिली चाचणी. आवाज असा की खिडकीच्या काचा थरथरल्या. आबांना विचारलं, कसं वाटलं. म्हणाले, "चित्र बरा आसा."

४ नोव्हेंबर

मितेशने टीव्ही आणला. मितेश म्हणजे चुलतभाऊ, पलीकडचं घर, मध्ये एक माड. बघून आलो. ऑल-इन-वन. स्पीकर आत, इंटरनेट आत, सगळं एकाच खोक्यात. रिमोट एक, त्यावर जेमतेम बटणं. वाईट वाटलं त्याच्यासाठी.

समजावलं. एक बिघडलं की सगळं दुकानात न्यावं लागतं. माझ्याकडे प्रत्येक वस्तू स्वतंत्र. जे बिघडेल तेवढंच बघायचं.

मितेश म्हणाला, "पण दादा, तुमचा रोज येगळा कायतरी बिघडता."

चहा बरा होता.

७ नोव्हेंबर

संजनासाठी पद्धत सोपी केली. सहा रिमोटांना सहा रंगांचे रबरबँड. आधी लाल, मग हिरवा, मग निळ्याने 'इनपुट' दोनदा, मग परत लाल. चित्र आलं पण आवाज नाही, तर पिवळा. आवाज आला पण चित्र नाही, तर मला हाक मारायची.

दिवसभर हाका.

९ नोव्हेंबर

आबांची सकाळची भजनं, दुपारची मालिका, संध्याकाळच्या बातम्या. तिन्ही वेळा मी घरात लागतो. संजना म्हणाली, "तुमी खंय जावकच शकणत नाय." तिच्या बोलण्यात काळजी होती. मला उलट बरं वाटलं. ऑफिसमध्ये आठ दिवस रजेवर गेलो तरी कोणाला पत्ता लागत नसे.

१२ नोव्हेंबर

अनुजाचा फोन. डेक कॅडेटचं ट्रेनिंग संपलं. तेरा डिसेंबरला चेन्नईला पासिंग आऊट परेड. आईवडील दोघांना बोलावणं.

आबा तांडेल, नात जहाजावर अधिकारी होणार. मधल्या पिढीत मी. मला बोट लागते.

आबांना मोठ्याने सांगितलं. पुन्हा मोठ्याने सांगितलं. कळल्यावर ते उठून पडवीत गेले आणि समुद्राकडे तोंड करून बसले. जेवायलाही उशिरा आले.

१३ नोव्हेंबर

परेड इंटरनेटवर थेट दाखवणार आहेत. म्हणजे प्रश्नच मिटला. आबांना चेन्नईचा प्रवास झेपणार नाही. त्यांना इथे दाखवणार कोण? सिस्टिम लावणार कोण? संजनाने तिच्या भावाबरोबर, देवेशबरोबर, जावं. मी इथे थांबणार. नात सलाम करताना आजोबांना तिच्या बुटांचा आवाज ऐकू आला पाहिजे.

संजना म्हणाली, "तुमका येवचा नसात तर तसा सांगा."

तसं काही नाही. कोणीतरी त्याग करावा लागतो.

१४ नोव्हेंबर

आबांनी बाजूला बसवून सांगितलं, "तू जा रे चेन्नईक. माझा काय? मी मितेशाकडे बघतलंय."

मी म्हणालो, आबा, मितेशच्या टीव्हीवर तुम्हाला काही ऐकू येणार नाही.

"माका तसापण खंय ऐकाक येता?"

म्हणूनच तर मी थांबतोय. त्यांना ते कळलं नाही.

१८ नोव्हेंबर

सिस्टिममधून घरघर. कारण सापडलं. खारं वारं. वायरींच्या पिनांवर हिरवट थर चढला आहे. मागे शिरून एकेक पिन खोडरबरने घासली. दिवस गेला. कंबर धरली. घरघर थांबली, डावा स्पीकरही थांबला.

२० नोव्हेंबर

उजव्या स्पीकरवरही कितीतरी ऐकू येतं.

२३ नोव्हेंबर

केस कापायला मालवणला गेलो. अर्ध्यात संजनाचा फोन. आबांनी हिरव्याच्या जागी पिवळा दाबला, पडदा निळा. फोनवर सांगून बघितलं. लाल, लाल, निळा. मग आबा स्वतः फोनवर आले, त्यांना काहीच ऐकू येईना. तसाच बाईक काढून परत. कानावर एका बाजूला केस, दुसऱ्या बाजूला नाहीत. घरी पोचलो तर मितेश येऊन लावून गेला होता. म्हणे एकेक बटण दाबत गेला. याला पद्धत म्हणत नाहीत.

२७ नोव्हेंबर

डाव्या स्पीकरची नवी केबल मागवली होती. कुरियर तळेऱ्याला येऊन पडलं आहे, पुढे येत नाही. मी जाऊन आणलं असतं. पण सकाळी निघालो तर मालिकेपर्यंत पोचत नाही, आणि मालिकेनंतर निघालो तर बातम्या जातात. बसून राहिलो. माणूस तयार, बाईक तयार, रस्ता मोकळा, आणि जाता येत नाही.

यालाच जबाबदारी म्हणतात.

२ डिसेंबर

अनुजाचा फोन. तिकीट काढलं का म्हणून. तिला सगळं समजावून सांगितलं. थेट प्रक्षेपण, मोठा पडदा, दोन्ही बाजूंनी आवाज (सध्या एका). तिथे मांडवात मागच्या रांगेत बसून मला जे दिसलं नसतं ते इथे दिसेल. ती म्हणाली, "बाबा, तू आला असतास तर मला बरं वाटलं असतं." मी म्हणालो, आबांसाठी. ती म्हणाली, "ठीक आहे."

समजूतदार मुलगी. माझ्यावर गेली.

८ डिसेंबर

वाडीतल्या सगळ्यांना बोलावलं. गोदूबाई, रुक्मिणीकाकी, शाळेतले प्रीतम गुरुजी. मितेशलाही. तो म्हणाला, "दादा, काय झालाच तर माझ्याकडे लावून ठेवतंय." मनाने चांगला आहे. तयारी म्हणजे काय हे त्याला माहीत नाही.

१० डिसेंबर

संजना आणि देवेश कणकवलीहून गाडीत बसले. जाताना संजनाने शिरवाळे करायचा साचा कुठे आहे ते सांगितलं, मांजराच्या दुधाचं सांगितलं, आबांच्या गोळ्यांचं सांगितलं. सिस्टिमबद्दल एक शब्द नाही. मला वाटतं माझ्यावरचा विश्वास.

१२ डिसेंबर

रंगीत तालीम. फोन ते इंटरनेटचा बॉक्स, तिथून अ‍ॅम्प्लिफायर, तिथून टीव्ही. चित्र आलं. आवाज आला. दोन्ही एकाच वेळी. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. आबांना हाक मारली. ते येईपर्यंत चित्र गेलं.

पण आलं होतं. मी पाहिलं.

१३ डिसेंबर, शनिवार, संध्याकाळ

क्रमाने लिहितो.

सकाळी सगळे वेळेवर आले. सतरंजी भरली. आबा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खुर्चीत. गोदूबाईंनी लाडू आणले होते. मी चार शब्द बोललो, वेगवेगळ्या वस्तूंचा आवाज वेगळा का लागतो त्याबद्दल. मग लाल, हिरवा, निळा, लाल. पडद्यावर 'सिग्नल नाही'.

घाबरलो नाही. फोन टेबलावर ठेवला आणि दारातून शोकेसच्या मागे शिरलो. केबल सैल होती, खात्री होती. ती आवळताना कोपर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या बाजूला लागलं आणि दोन्ही स्पीकर एकदम सुरू झाले. डावासुद्धा. पण लागला तो अ‍ॅम्प्लिफायरमधला रेडिओ. काजूच्या मोहोरावरच्या फवारणीची माहिती. आवाज पूर्ण. मी 'दोन मिनिटं' म्हणून ओरडत होतो, ते मलाच ऐकू येत नव्हतं.

चाचपडत मेन प्लग सापडला. उपटला. शांतता.

हॉलमध्ये कोणी नव्हतं. फळीच्या फटीतून सतरंजी दिसत होती आणि लाडवाचं ताट. दार ढकललं. बाहेरून कडी.

तेवढ्यात माडापलीकडून टाळ्या ऐकू आल्या.

ओरडलो असतो तर कोणीही आलं असतं. म्हणजे मितेश आला असता. त्याने कडी काढली असती, काही बोलला नसता आणि मला हाताला धरून आपल्या टीव्हीसमोर नेऊन बसवलं असतं. वाडी बघत. मी गप्प राहिलो. माझ्यासाठी सगळ्यांचा कार्यक्रम अर्धवट का थांबवायचा.

आत वळायला जागा नाही. नाकासमोर टीव्हीची पाठ, पाठीला भिंत. पायांत वायरी. भाईला मी जागा चार बोटं जास्त सोडायला सांगितली होती, नक्की सांगितली होती.

कान लावून उभा राहिलो. एक गोष्ट सिद्ध झाली, ती नोंदवून ठेवतो. मितेशच्या घरातून माणसांचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. प्रीतम गुरुजींचा खोकला ऐकू आला. पण परेडचा बँड? एक सूर नाही. कवायतीचे हुकूम? नाहीत. खिडक्या उघड्या असून हे. ऑल-इन-वनचा स्पीकर म्हणजे एवढाच. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

मग आबांचा आवाज आला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा, सगळ्या वाडीला जाईल असा.

"ता बघा. ता आमचा चेडू. फुडे आसा ता. हातात निशाण आसा."

कोणीतरी काहीतरी म्हणालं. आबा परत म्हणाले, "माझी नात ता."

पुन्हा टाळ्या. या वेळी बराच वेळ.

मी टीव्हीच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो. आत धूळ फार आहे. डोळ्यांत जाते.

मांजर कुठूनतरी फटीतून आत आलं आणि माझ्या पायावर बसलं. त्याला यायला वाट आहे. मला नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. आबांच्या काठीचा आवाज आला.

"मंगेश, खंय आसस रे?"

आतून ठोकलं. त्यांना ऐकू जाईना. मग शोकेसला धक्के दिले. वरची फुलदाणी पडली, तेव्हा त्यांनी कडी काढली.

"मीच लावलंय कडी," मला बघून म्हणाले. "दार उघडा होता. माका वाटला, मांजर जायत भितुर."

मी म्हणालो, बरं केलंत. मग विचारलं, परेड कशी झाली.

"बरी झाली."

आवाज कसा होता?

आबांनी माझ्याकडे बघितलं. डोक्यावरची जळमटं काढली, लहानपणी काढायचे तशी. "तू बघूक व्हया होतंस," एवढंच म्हणाले आणि लाडू हातात दिला.

१४ डिसेंबर, रविवार

अंग धरलं आहे. मितेश दोनदा हाक मारून गेला, झोपल्याचं दाखवलं. सिस्टिम बंद ठेवली आहे. आबांनी भजनं मागितली नाहीत. सकाळीच चपला घालून माडापलीकडे गेले.

विचार करता एकूण कार्यक्रम यशस्वी झाला. आबांना परेड दिसली, तोच उद्देश होता. चित्र कोणाच्या टीव्हीवर होतं हा तपशील. तांत्रिकदृष्ट्या माझीच बाजू खरी ठरली.

दुपारी अनुजाचा फोन. आवाज बसला होता तिचा. संजना आणि देवेश संध्याकाळी गाडीत बसतायत म्हणाली. मग विचारलं, "बाबा, बघितलंस ना?"

मी म्हणालो, म्हणजे काय. सगळ्यांच्या पुढे होतीस. हातात निशाण.

"दिसलं तुला?" एकदम लहान मुलीसारखी बोलली.

इथे थांबायला हवं होतं. पण बोलत गेलो. म्हटलं, दिसलं ते जाऊ दे, ऐकलं काय ते विचार. बँडचा ढोल वेगळा, बिगुल वेगळा. तुझ्या बुटांची टाच जमिनीला लागली तो आवाज डावीकडून उजवीकडे गेला. आणि तू हुकूम दिलास ना, तो थेट मधोमध. आबांनासुद्धा ऐकू गेला.

मला वाटलं फोन कटला. हॅलो म्हटलं.

"आहे," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "बाबा, लाइव्हला आवाजच नव्हता. माइकची वायर निघाली होती त्यांची. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांनी मुकंच बघितलं. सकाळपासून सगळ्यांचे पालक तेच सांगतायत."

बाहेर माडाच्या झावळ्या वाजत होत्या. मी रेंज नीट नाही असं काहीतरी म्हणालो.

ती म्हणाली, "जेवलास का?"

जेवलो नव्हतो. हो म्हणालो.