हिनोकिदानीच्या गादीवर बसलेल्या बुजगावण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
सांस्कृतिक वारसा विभाग,
नगर कार्यालय, मियाझोए.

विषय : राजपुत्राच्या पालखीत कन्येस वारस म्हणून मान्यता मिळणेबाबत.
संदर्भ : उत्सव समितीचा ठराव, ‘गादीवर पुरुषच बसेल.’

महोदय,

अर्जदार फुमियो कुराहाशी, राहणार हिनोकिदानी, सविनय कळवते की, लढाई हरून या डोंगरात लपलेल्या राजपुत्राचे कुराहाशी हे थेट वंशज होत. दर शरदात घरचा वारस मुकुट घालून पालखीतून देवळापासून नदीपर्यंत जातो. अर्जदाराचे पती तेत्सुरो यांनी हा मान तहहयात सांभाळला. तीन वर्षांपूर्वी ते वारले. मागे एकुलती एक कन्या, सुझुनो, वय सव्वीस.

गावातल्या गड्यांच्या कंबरा गेल्याने पालखी आता बायकाच उचलतात आणि पुढची दांडी सुझुनोकडे असते. समितीचे अध्यक्ष श्री. ओचिआई यांच्या मते स्त्रीचा खांदा परंपरेला चालतो, स्त्री मात्र पालखीत बसलेली चालत नाही. सम्राटांच्या गादीलाही हाच नियम आहे, असे ते वर सुनावतात. राजधानीचे राजधानीने पाहावे. तिथे निदान हाडामांसाचा माणूस तरी बसतो.

पहिल्या वर्षी समितीने ओसाकाहून एक लांबचा पुतण्या आणला. पालखीच्या हेलकाव्यांनी त्याला मळमळले व तो मुकुटातच ओकला. पुढल्या वर्षी त्याने येण्यास नकार दिला, तेव्हा समितीने पालखीत चक्क गवताचे बुजगावणे बसवले. अर्जदाराने हरकत घेतली असता श्री. ओचिआई म्हणाले, “वहिनी, गवताचा असेना, गडी माणूस आहे.”

सुझुनोने दोन वर्षे त्या गवताला खांद्यावरून मिरवले. यंदा तिने दांडी धरणार नाही असे सांगितले. “आई, मुकुटाची मला हौस नाही गं. पण बुजगावण्याची प्रजा मी होणार नाही.” एवढे बोलून तिने ताकामात्सू शहरातल्या नोकरीची कागदपत्रे भरायला घेतली आहेत.

येथे एक खुलासा करणे भाग आहे. गावातून कोणी गेले, शहरात असो वा स्मशानात, की अर्जदार त्याचे बुजगावणे करून नेहमीच्या जागी बसवते. तेवढेच गाव भरलेले दिसते. समितीने उत्सवाच्या सकाळी, आयत्या वेळी, तिच्याकडे पुरुष मागितला. नवा करायला सवड नव्हती. म्हणून तिने बसथांब्यावरचे एक बुजगावणे उचलले, डोक्याचा रुमाल सोडला, पतीची टोपी चढवली आणि मिशा रंगवल्या. ते बुजगावणे श्री. ओचिआई यांच्या दिवंगत सासूबाईंचे आहे.

सबब गेली दोन वर्षे गादीवर स्त्रीच विराजमान आहे. देव कोपला नाही, भातही झकास पिकले. हयातीत सासूबाईंपुढे कधी मान न लववणारे जावईबापू दोन्ही वर्षी कपाळ जमिनीला टेकवून मोकळे झाले. परंपरा मोडेल अशी आपणांस धास्ती असल्यास, ती मोडून झाली आहे.

तरी सदर ठराव रद्द करून वारस म्हणून सुझुनोचे नाव मंजूर करावे. पालखीत बसायचे की नाही, हे तिचे ती ठरवील. ‘नको’ म्हणण्याचा हक्कही आजवर पुतण्यांनाच मिळाला आहे.

उत्तर उत्सवाआधी यावे. अर्जदाराने नवऱ्याचे बुजगावणे केले, थोरल्या बहिणीचे केले, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचे केले. लेकीचे मात्र तिला करायचे नाही.

आपली नम्र व उत्तराची वाट पाहणारी,
फुमियो कुराहाशी
हिनोकिदानी, दि. १८ ऑक्टोबर

सोबत :
१. समितीच्या ठरावाची प्रत.
२. सदर बुजगावणे, तपासणीसाठी. उत्सव होईपर्यंत परत पाठवू नये. मिशा ओल्या फडक्याने निघतात.