विटलेली रात्र

४ मार्च

"उन्हं आहेत तोवर परत येते," ताई मनगटावरचं रुंद पट्ट्याचं घड्याळ दाखवत म्हणाली होती. मी नऊ वर्षांची होते. उंबऱ्यावर बसून राहिले. शूटिंग आटोपल्यावर रात्री ती एकटीच तळ्यात उतरली, कुणाचं ऐकलं नाही, बुडाली, असं स्टुडिओच्या मालकांनी घरी येऊन सांगितलं. आई त्यांच्यापुढे हात जोडून उभी होती.

आज पस्तीस वर्षांनी त्याच स्टुडिओत कामाला लागले. नातं सांगितलेलं नाही. ताईनं ज्यात गर्दीतलं छोटं काम केलं, तो तिचा शेवटचा सिनेमा बघायला मिळावा, एवढंच मनात. खोली झकास आहे. खिडकीतून ऊन थेट टेबलावर येतं. त्याच सिनेमाची नवी प्रत करायची आहे. रात्रीचे प्रसंग भर दिवसा, निळी काच लावून घेतलेले. प्रत विटली तशी त्यातली रात्र उडाली. ती मी पुन्हा भरायची. तेव्हाचे कॅमेरामनकाका, आता म्हातारे, म्हणाले, सूर्य आमचा जुना नोकर, सांगू तेव्हा मावळतो. खूप हसलो.

६ मार्च

तळ्याचा प्रसंग झाला. काठावर नायिका, मागे पाणी. पाण्यावरची चकाकी दिवसाची चोरी उघडी पाडते, म्हणून आधी तीच मारली. एक ठिपका मात्र पुन्हा पुन्हा वर येत होता. तोही पुसला. मालक म्हणाले, अशी रात्र आम्हालाही जमली नव्हती. घरी येताना गुणगुणत आले.

९ मार्च

पुसलेला ठिपका परत आलाय. मोठा करून पाहिला. हात आहे. मनगटावर ताईचं घड्याळ.

उजेड वाढवला. चौकटीच्या कडेला, पाण्याकडे बघत मालक उभे, पायाशी जेमतेम सावली. कॅमेऱ्यामागच्या काकांना खूण करताहेत, चालू ठेव.

ताई रात्री गेलीच नाही. रात्र तिच्यावर नंतर घातली.

११ मार्च

उजेड आणखी थोडा वाढवला. त्याच क्षणी बाहेर काका विचारू लागले, दिवे कुणी घालवले. सकाळचे अकरा वाजले होते. डॉक्टर म्हणतात, त्यांचे डोळे ठणठणीत आहेत.

पडद्यावर ताई कमरेपर्यंत पाण्याबाहेर आलीय. आधी तसं नव्हतं.

काकांची दया यायला हवी होती.

१२ मार्च

ती आपला दिवस परत घेतेय. ज्यांनी काढून घेतला, त्यांच्याकडून.

दुपारी मालकांना बोलावलं. नातं सांगितलं. म्हणाले, एका पोरीपायी अख्खं ऊन वाया घालवणार होतो का. मी उजेड पूर्ण उघडला —

मालक भिंत चाचपडत गेले. दिवा मागत होते, आईसारखे हात जोडून. नाही म्हटलं. खिडकी सताड उघडली, ऊन तोंडावर पडू दिलं.

१३ मार्च

तळं रिकामं. ताई चित्रात नाही. टेबलाखाली ओल. भर दुपार, आणि ऊन टेबलापर्यंत पोचत नाही —

तो ठिपका मीच पुसला होता.

पुन्हा १३

चाचपत लिहितेय. मागे पाणी ठिबकतंय. ताई, तुला ओळखलं नाही गं. अंधार पडेतो उंबऱ्यावर तुझीच वाट — तू नाही म्हणशील. मीही त्यांना नाहीच म्हटलं. पण खिडकीतलं ऊन, बोटभर, तेवढं मला —